मोठ्या मामाजींची पडीत बांधी

माझ्या आयुष्यात मला जेवढे म्हणून धक्के बसले, त्यांतले निम्मे एकट्या मोठ्या मामाजींनी दिले. उरलेले निम्मे द्यायला सरकारी नोकरी, दोन मुलं आणि बाकीचं जग मिळून खपत आहे, पण अजून बरोबरी झालेली नाही. मोठे मामाजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. गोंदियाकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात हे मला लग्न ठरल्यावर कळलं. मी साताऱ्याकडचा. आमच्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, त्यामुळे हाही पहिला छोटा धक्काच म्हणायचा. गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तिथल्या एका कचेरीत माझी बदली झाली, शहराजवळच फुलचूरला मी खोली घेतली आणि वर्षभरात तिथलाच जावई होऊन बसलो. ते कसं जमलं ती गोष्ट वेगळी. सासुरवाडी सालेकशाच्या बाजूला, हमरस्ता सोडून बरंच आत. गावाच्या उगवतीला कचारगडचे डोंगर दिसतात. घरं बहुतेक पोवार समाजाची, शेती धानाची, माणसं कष्टाळू आणि जे असेल ते तोंडावर सांगणारी.

मोठ्या मामाजींची आणि माझी खरी ओळख लग्नाच्या मांडवातच झाली. भटजींनी माझं उपरणं आणि बायकोचा शालू जवळ घेतला आणि गाठ मारायला घरातल्या थोरल्यांना बोलावलं. पांढरा सदरा घातलेले, उंच, सडसडीत, पासष्टीच्या घरातले एक गृहस्थ पुढे आले, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि शांतपणे म्हणाले, "मी गाठ नाही मारत." मांडवात कोणाला काहीच वाटलं नाही. त्यांच्या मागून त्यांच्या पत्नी, मोठ्या मामीजी, आल्या आणि गाठ मारून गेल्या. माझ्या आईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. मुलीकडच्यांना हे लग्न मान्य नाही असंच तिनं धरलं. निरोपाच्या वेळी तर कहर झाला. आम्ही जीपमध्ये बसलो, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि मोठे मामाजी आडवे आले. त्यांनी जीपला मागून फेरी घातली, उकिडवे बसून खाली पाहिलं, तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून त्या पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली शिरले. ऑइलचे डाग घेऊन बाहेर आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मांगं काही नाही. जा." आईनं माझ्या कानाशी लागून विचारलं, ह्यांच्या घराण्यात वेड तर नाही ना. मला तरी कुठे माहीत होतं.

पुढे कळलं की ते नुसत्या लग्नातली नाही, कुठलीच गाठ मारत नसत. पोवाराच्या घरात जन्मलेला, शंभर पोती धान पिकवणारा माणूस, पण सुतळीला हात लावायचा नाही. त्यांचे बैल मोकळे. दावणीला त्यांना मोठ्या मामीजी बांधायच्या, तेही मोठे मामाजी बाहेर गेले की. ते घरी असले म्हणजे बैल आपल्या मनाचे राजे. रात्री शेजाऱ्याच्या लाखोरीत, म्हणजे लाखेच्या डाळीच्या शेतात, जायचे आणि सकाळी पोट भरून घरी यायचे. शेजारी भांडायला आला की मोठे मामाजी त्याचंच बरोबर आहे असं म्हणायचे आणि त्याला चहा पाजायचे. त्यामुळे भांडण पुढे सरकायचंच नाही. नाड्याचा पायजमा त्यांनी कधी घातला नाही, त्यांच्या सगळ्या पायजम्यांना इलॅस्टिक. दर वर्षी नवा चिन्नोर तांदूळ निघाला की आमच्यासाठी एक पोतं ते बसवर टाकायचे, पण तोंड उघडंच. गोंदियाच्या स्टँडवर पोतं उतरेपर्यंत एक तृतीयांश तांदूळ बसच्या तळाशी पसरलेला असायचा. एकदा कंडक्टरनं मला हात जोडून विचारलं, "साहब, आपके ससुराल में सुतली नहीं मिलती क्या?"

तसे त्यांचे बाकीचेही छंद कमी नव्हते. वांगं ते शिवत नसत. वर्तमानपत्र एक दिवस शिळं करून वाचायचे. आजचं कच्चं असते, उद्यापर्यंत खरं-खोटं वेगळं होते, असं त्यांचं म्हणणं. दुपारची झोप चाकं काढून ठेवलेल्या एका जुन्या बैलगाडीवर. पण या सगळ्यावर ताण म्हणजे गाड्यांची तपासणी. गावातून कुठलंही वाहन निघायचं झालं, मग ती एस.टी. असो की भाजीवाल्याची सायकल, ते मागून पाहिल्याशिवाय हलू द्यायचे नाहीत. एस.टी.चे ड्रायव्हर तर इंजिन सुरू करून त्यांची वाट बघत बसायचे. एकदा निवडणुकीच्या दिवसांत एका मोठ्या पुढाऱ्यांच्या गाड्यांचा ताफा गावात आला. निघताना मोठे मामाजी पुढाऱ्यांच्या गाडीच्या मागे जाऊन वाकले आणि पोलिसांनी त्यांची मानगूट पकडली. मी धावत गेलो तर त्यांना पोलिसांच्या जीपमध्ये घालायची झटापट चालली होती आणि हे म्हणत होते की आधी मला हिच्या मागं पाहू द्या, मंग न्याचं तिकडं न्या. शेवटी सगळ्या गावानं मिळून सांगितलं की हा माणूस असाच आहे, तेव्हा कुठे सुटका झाली.

कचारगडच्या जत्रेलाही ते दर वर्षी जात. एका वर्षी मीही सोबत गेलो. भाविक माणूस आहे, गुहेत दर्शन घेईल, आपल्यालाही पुण्य लागेल असा माझा हिशेब. पण गुहेकडे जाणाऱ्या गर्दीला त्यांनी खालूनच हात जोडले आणि काठी घेऊन डोंगराच्या पाठीमागच्या रानात शिरले. दोन दिवस ते त्या रानात फिरले, झुडपं बाजूला सारून पाहिलं, नाल्यांत उतरले. मी ओरखड्यांनी भरलेले पाय घेऊन त्यांच्या मागे. परतताना मी चिडून विचारलं की आपण शोधत तरी काय होतो. ते हसून म्हणाले, "नाही सापडलं ना? बरं झालं." आणि वाटेत मला शिंगाडे घेऊन दिले.

पण गावाच्या दृष्टीनं त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे ती पडीत बांधी. त्या बाजूला भाताच्या खाचराला बांधी म्हणतात आणि तिच्या कडेच्या मातीच्या बांधाला धुरा. धुरा नसेल तर पाणी थांबत नाही आणि पाणी नसेल तर धान नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा मोठ्या मामाजींनी गायरानाला लागून असलेल्या एका ओळीतल्या सहा बांध्या मागून घेतल्या. गावातली सोन्यासारखी जमीन. आणि ताब्यात आल्या त्याच आठवड्यात मधले सगळे धुरे फोडून सपाट केले. चारशे पावलं लांब, पंचवीस पावलं रुंद अशी ती पट्टी तेव्हापासून पडीत. तिच्यावर नांगर नाही, पेरणी नाही. फक्त बैल चरायचे आणि हे स्वतः दगड वेचायचे. एका टोकाला मोहाचं एक जुनं झाड होतं, ते तोडू द्यायचे नाहीत. माझे सासरे या विषयावर बोलायला लागले की त्यांचा आवाज कापायचा. कारण विचारलं की मोठे मामाजी एकच सांगायचे: ब्रिटिशांच्या वेळी, ते दहा-अकरा वर्षांचे असताना, तिथं विमान उतरलं होतं. पुन्हा आलं तर जागा पाहिजे.

हे कोणालाच खरं वाटत नव्हतं. पाहिलेली माणसं केव्हाच गेली होती. सासऱ्यांचा तेव्हा जन्म झालेला नव्हता. दादाले पाह्यल्यासारखं वाटते, असं ते म्हणायचे. शाळेचे हेडमास्तर कागद मागायचे. मीही पडलो कचेरीतला माणूस, कागदाशिवाय माझा तरी विश्वास कसा बसणार? पुढे काही वर्षांनी गोंदियाच्या पलीकडची युद्धाच्या काळातली जुनी धावपट्टी नव्यानं बांधून काढली आणि तिथून शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं उडायला लागली. तिथल्या एका समारंभाला मोठ्या मामाजींनी हट्ट केला म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. एक पाहुणे भाषणात म्हणाले की या मागास भागातल्या खेड्यापाड्यांनी विमान आज पहिल्यांदा जवळून पाहिलं. मोठे मामाजी उभे राहिले. भर सभेत म्हणाले, "खोटं हाय. आमच्या गावात उतरलं होतं. त्याचा साहेब आमच्या घरी लाखोरीचं वरण जेवून गेला." मंडप हसला. समोर माझे वरिष्ठ बसले होते. मी त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "तुमीबी नाही मानत ना, जवाईबापू?" मी म्हटलं, तसं नाही. याचा अर्थ काय होतो तो त्यांना कळला. आजही तो सदरा ओढल्याचं आठवलं की मला माझी शरम वाटते.

आणि मग त्या वर्षीची मंडई आली. दिवाळीनंतर त्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-जावई येतात. मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला आम्ही ओसरीत चहा पीत होतो. वरून शिकाऊ विमान चाललं होतं. आता ते रोजचं झालं होतं. पण त्याचा आवाज अडखळला, पुन्हा आला आणि एकदम बंद पडला. माझ्या आधी मोठे मामाजी उठले. त्या वयात ते ज्या वेगानं पळाले, तसं पळताना मी कोणाला पाहिलेलं नाही. पट्टीवर त्यांचेच मोकळे बैल चरत होते. आयुष्यभर ज्यांना दावं लावलं नाही त्यांच्यावर ते काठी उगारून ओरडत होते आणि बैल आश्चर्यानं त्यांच्याकडे बघत होते. शेवटचा बैल धुऱ्यापलीकडे गेला आणि विमान आलं. पांढरं, इवलंसं, कसलाही आवाज नसलेलं. दोन-तीनदा आदळलं, गवतातून खडखडत गेलं आणि मोहाच्या झाडाच्या थोडं अलीकडे थांबलं. मी जागच्या जागी खिळून उभा होतो. दार उघडून एक मुलगी उतरली, बावीस-तेवीस वर्षांची, थरथरत, पण धड. आजूबाजूला सगळीकडे धुऱ्याधुऱ्यांच्या बांध्या. ती पट्टी सोडली तर त्या विमानाला उतरायला दोन कोसांत जागा नव्हती, एवढं माझ्यासारख्यालाही दिसत होतं.

सगळे मुलीकडे धावले. मोठे मामाजी धावले ते विमानाच्या मागे. ते गुडघ्यांवर बसले, शेपटीखाली हात घालून चाचपलं, पुन्हा एकदा चाचपलं. मी जवळ गेलो. ते स्वतःशीच म्हणत होते, "मांगं काही नाही. काही नाही." आणि रडत होते. विमान खरंच आलं याचा आनंद झाला असेल असं मला वाटलं. मला अजून काहीच कळलेलं नव्हतं.

दुपारी जीपमधून मुलीचे शिक्षक आणि एक मेकॅनिक आले. तोवर मामीजींनी मुलीला भात आणि लाखोरीचं वरण वाढलं होतं. मेकॅनिक इंजिनात डोकं घालून बसला, शिक्षक मोहाखाली टेकले, सगळं गाव गोल करून उभं होतं. मोठे मामाजी शिक्षकांसमोर जाऊन बसले आणि साठ वर्षांत कोणालाही न सांगितलेली गोष्ट अर्ध्या हिंदीत, अर्ध्या झाडीबोलीत सांगितली. इथंच, तेव्हा मोकळ्या असलेल्या गायरानात, ते विमान उतरलं. दुहेरी पंखांचं, कापडानं मढवलेलं. गोरा साहेब रस्ता चुकला होता. वारा सुटला होता म्हणून त्यानं खुणेनं सांगितलं की हे बांधून ठेवा. घरच्या बैलांची दावण या पोराकडे, म्हणजे मोठ्या मामाजींकडे, होती, त्याच्या गाठीचं गावभर कौतुक. त्यानंच अंबाडीच्या दोरांनी पंख बांधले आणि शेपटी या मोहाला बांधली. साहेब रात्री पडवीत झोपला. दुसऱ्या दिवशी उडायला जागा हवी म्हणून बापानं धुरे फोडून दिले. पण रात्री दहिवर पडलं होतं, अंबाडी भिजून आवळली होती. पंखांच्या गाठी सुटल्या, शेपटीची सुटेना. तेवढ्यात इंजिन सुरू झालं, धुरळा उडाला, माणसं पळाली. पोरानं घाबरून झाडाकडचं टोक सोडलं आणि तोही पळाला. शेपटीला दहा-बारा हात दोर तसाच लोंबत राहिला. विमान उडालं, कचारगडच्या डोंगरामागं गेलं. पुन्हा त्याची काही खबर आली नाही.

सांगून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात जोडले. "साहेब, खरं सांगा. शेपटीले दोर राह्यला तर विमान पडते का?"

ते शिक्षक साधे गृहस्थ होते. समोरच्या माणसाचं काय पणाला लागलं आहे याची त्यांना कल्पना असण्याचं कारण नव्हतं. डबा उघडता उघडता ते सहज म्हणाले, "अरे नहीं बाबा. बारह हाथ की रस्सी से क्या होता है? हम तो पीछे लंबे-लंबे कपड़े के बैनर बाँधकर उड़ाते हैं. कुछ नहीं हुआ होगा."

मोठे मामाजी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या डोक्यात मात्र एकेक गोष्ट उलगडत होती. मांडवात मागे घेतलेले हात, जीपखालचा सदरा, मोकळे बैल, तांदळाचं उघडं पोतं. कचारगडच्या रानात ते मोडकं विमान शोधत होते. सापडलं नाही म्हणून मला शिंगाडे घेऊन दिले होते. पट्टी राखली ती विमान यावं म्हणून नाही, तोच साहेब यावा म्हणून. तो आला असता तर आपल्या हातून माणूस मेला नाही, एवढं त्यांना कळलं असतं. आणि हे सगळं आम्ही वेड म्हणून हसण्यावारी नेलं होतं.

मग मोठे मामाजी म्हणाले, "मंग हे मले पयलेच कोनी काऊन नाही सांगितलं?"

मामीजी पदर खोचून मुलीचं ताट उचलत होत्या. त्या तशाच थांबल्या. "तुमी कोनाले इचारलं?" त्या म्हणाल्या. "पन्नास वर्सं तुमच्या वाटच्या गाठी मी मारून राह्यली. मले तरी इचाराचं होतं." त्यांचा आवाज रागाचा होता. मोठे मामाजी मान खाली घालून बसले.

तिसऱ्या दिवशी इंजिन दुरुस्त झालं आणि ते शिक्षक स्वतः विमान घेऊन उडायला निघाले. पंखा फिरायला लागला तसं सगळं गाव मोठ्या मामाजींकडे बघायला लागलं. मी स्वतः त्यांना वाट करून द्यायला बाजूला सरकलो. पण ते मोहाखाली बसल्या जागेवरून उठले नाहीत. विमान गवतातून धावलं, वर गेलं, उगवतीला डोंगरावरून वळलं आणि गोंदियाच्या दिशेनं दिसेनासं झालं. मग आम्हीही निघालो. मी गाडी सुरू केली, आरशात पाहिलं. मोठे मामाजी ओसरीतूनच हात हलवत होते. गावाबाहेर आल्यावर मला राहवलं नाही. गाडी थांबवून मी खाली उतरलो आणि मागे वाकून पाहिलं.

त्या गोऱ्या साहेबाचं पुढे काय झालं याचा तपास लावावा म्हणून मी दोन-चार ठिकाणी पत्रं धाडली. उत्तर कुठूनच आलं नाही. मोठ्या मामाजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, राहू द्या, पोचला असंन तो घरी. पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी त्या पट्टीत पुन्हा धुरे घातले. सासऱ्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज वेगळ्याच कारणानं कापत होता. शाळेचे हेडमास्तर आता विमानाची गोष्ट वर्गात सांगतात म्हणे. कागदाचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

त्या हिवाळ्यात पट्टीवरच्या चिन्नोराचं पोतं आलं. कंडक्टरनं ते बसमधून उतरवून माझ्या हवाली केलं, तेव्हा एक दाणाही सांडलेला नव्हता. पोत्याचं तोंड अंबाडीच्या दोरानं बांधलेलं होतं. घरी आणून मी गाठ सोडायला बसलो. नखं दुखली, दात लावून पाहिले, पाऊण तास गेला. साठ वर्षं त्या हातानं गाठ मारली नव्हती, पण हात विसरला नव्हता. शेवटी मी विळी आणली. बायकोनं माझा हात धरला. मग आम्ही पोतं उलटं केलं, खालची शिवण उसवली आणि तिकडून तांदूळ काढला. पुढच्या वर्षी मोठे मामाजी गेले. रिकामं पोतं अजून आमच्या स्वयंपाकघरात खुंटीला आहे, तोंड बांधलेलं.